डॉक्टर, करमत नाही

माझ्या दवाखान्यात येणारे वृद्ध रुग्ण आपली खरी तक्रार बहुधा उठता उठता सांगतात. गुडघे, छातीतली जळजळ, रात्रीची लघवी, तळपायांची आग असे सगळे सांगून होते. रक्तदाब मोजून होतो. चिठ्ठी हातात पडते. मग दाराशी चपला घालताना, जणू सहज आठवले म्हणून, एक वाक्य येते : "बाकी काही नाही डॉक्टर, करमत नाही." धावड्यासारख्या गावात इतकी वर्षे दवाखाना चालवताना हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल, याचा हिशेब नाही. पहिली वीस वर्षे मी ते केसपेपरवर कधी लिहिले नाही. माझे उत्तर ठरलेले असे : "या वयात असं व्हायचंच. आराम करा." हे उत्तर चुकीचे होते. ते मला माझ्याच घरात कळले, आणि कळायला उशीर झाला.

आमचे धावडा जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतचे गाव. मका, कपाशी आणि मिरची ही इथल्या शेतीची कामे. मिरचीची तोडणी संपते न संपते तोच मका उभा असतो, मका घरात येईपर्यंत कपाशी फुटलेली असते. इथे माणसाची किंमत तो किती राबतो यावर ठरते. आपली भाषाही याच बाजूची आहे. जरा बसलेल्या माणसाला ती रिकामटेकडा म्हणते, न पटणाऱ्या गोष्टीला पोरखेळ म्हणते, आणि रागावलेली आई मुलाला विचारते, "काय खेळ मांडलाय हा?" खेळ हा शब्द आपण मोठ्या माणसांच्या बाबतीत जवळजवळ शिवीसारखाच वापरत आलो आहोत. मीही याच मातीतला. सकाळी नऊला दवाखाना उघडायचा आणि शेवटचा रुग्ण गेला की बंद करायचा, रविवार नाही की सण नाही, याचा मला अनेक वर्षे अभिमान होता.

माझ्या आईला आम्ही 'बाई' म्हणत असू. वडील गेल्यानंतरही ती शेतात जायची. सत्तरी ओलांडल्यावर शेत सुटले, पण घरात निवडणे, टिपणे, दळण पाहणे, गाईला चारा घालणे चालूच होते. एका पावसाळ्यात ओल्या पायरीवरून ती घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. शहरात शस्त्रक्रिया झाली, हाड चांगले जुळले, वॉकर घेऊन ती चालू लागली. ती थोरल्या भावाच्या घरी, गावातल्या जुन्या घरात राहत असे. मी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. रोज सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वी मी दहा मिनिटे तिच्याकडे जाई, रक्तदाब मोजी, गोळ्या पाही आणि निघे.

आम्ही सगळ्यांनी मिळून, अत्यंत प्रेमाने, तिची सगळी कामे काढून घेतली. तांदूळ निवडू नको, पाठ दुखेल. अंगणात उतरू नको, पडशील. चुलीजवळ जाऊ नको. तू फक्त आराम कर. सहा महिन्यांत हाड जुळले आणि बाई मात्र खचत गेली. भाकरी अर्धीवर आली. रात्री दोनला जाग यायची ती पुन्हा डोळा लागत नसे. विचारले तर एका शब्दात उत्तर. मी डॉक्टरसारखा वागलो : हिमोग्लोबिन पाहिले, थायरॉइड पाहिले, बी-१२ कमी निघाले त्याची इंजेक्शने दिली, मोतीबिंदू काढून आणला. यातले प्रत्येक पाऊल आवश्यक होते, आणि थोडा फरक पडलाही. पण एके सकाळी दंडाला पट्टा गुंडाळत असताना तिने माझ्याकडे न पाहता विचारले, "मला कशासाठी ठेवलंय रे इथं?"

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी रक्तदाबाचा आकडा वहीत लिहिला आणि दवाखान्यात गेलो.

त्यानंतर काही दिवसांनी नागपंचमी आली. पावसाची झड लागलेली, त्यामुळे भावाची नऊ वर्षांची नात घरातच अडकली होती. तिने ओसरीवर खडूने पाच घरे आडवी, पाच घरे उभी असा पट आखला. मैत्रिणीकडून ती अष्टचंग शिकून आली होती. बाई खाटेवर पडून पाहत होती. थोड्या वेळाने खाटेवरून आवाज आला, "फुली चुकली तुझी. मधल्या घरात पण पाहिजे."

हा खेळ आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी खेळलेला असेल; कुठे त्याला चल्लसआठ म्हणतात, कुठे आणखी काही. चिंचोका मधोमध फोडला की त्याची एक बाजू पांढरी आणि एक तपकिरी दिसते. असे चार अर्धे तुकडे फासे म्हणून टाकायचे. जितके पांढरे वर, तितके दान. चारही पांढरे पडले तर चार, चारही तपकिरी पडले तर आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा टाकायची संधी. फुलीच्या घरात सोंगटी सुरक्षित, बाहेर असली की मारली जाण्याची भीती. सोंगट्या म्हणून बांगड्यांचे तुकडे, खडे, मिरचीचे देठ, जे हाताशी असेल ते. बाईने त्या दिवशी चिंचोके मागवले, स्वतः फोडून दिले, आणि खाटेच्या कडेला बसून वॉकरवर एक हात ठेवून खेळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टा काढण्याच्या आत ती म्हणाली, "काल तीन सोंगट्या मारल्या मी. ती रडली लबाड." वर्षभरात तिने आपण होऊन मला सांगितलेली ही पहिली बातमी होती. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

डॉक्टर म्हणून मग माझे डोळे उघडले. त्या अर्ध्या तासात तिने काय काय केले होते ते मी मोजू लागलो. दान मोजले, घरे मोजली, समोरच्याची सोंगटी किती घरे मागे आहे हे लक्षात ठेवले, आपली पाळी येईपर्यंत थांबली, बोटांनी बारीक वस्तू उचलल्या, पाठ ताठ ठेवून बसली, भांडली आणि हसली. मी चार निरनिराळ्या चिठ्ठ्या लिहूनही हे साधले नसते. अतिउत्साहात मी वहिनींना सांगून टाकले, "वहिनी, आता रोज अर्धा तास बाईला खेळवायचं. औषध समजा."

वहिनी भांडी घासत होत्या. त्यांनी हात थांबवले नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, म्हणजे हे पण मीच करायचं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला ते लागले. त्या पहाटे पाचला उठत. बाईला उठवणे, संडासला नेणे, अंघोळ, गोळ्या, चहा, भाकरी. मग घरचा स्वयंपाक, मजुरांचा डबा, गुरे. दुपारी बाईचे अंग चेपणे. रात्री दोनदा उठणे. बाईच्या हाडाचा एक्स-रे, बाईचे रक्त, बाईचे डोळे यांची मला बारीकसारीक माहिती होती. वहिनींचे वयही मला नेमके ठाऊक नव्हते. मी पिशवीतून यंत्र काढले आणि त्यांच्या दंडाला पट्टा लावला. रक्तदाब १६४/१०२ निघाला. थोड्या वेळाने पुन्हा मोजला, दुसऱ्या दिवशी मोजला, तेवढाच. वर्षभर रोज सकाळी मी रक्तदाबाचे यंत्र घेऊन त्या घरात जात होतो, आणि दोन हातांवर उभ्या असलेल्या माणसाच्या दंडाला ते एकदाही लावले नव्हते.

वृद्धांची सेवा करणाऱ्या वाचकांनी हे पुन्हा वाचावे, अशी माझी विनंती आहे. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच या अमेरिकी संशोधकांनी १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्या ६६ ते ९६ वर्षे वयाच्या पतिपत्नींवर त्यांनी चार वर्षे लक्ष ठेवले. सेवेचा ताण ज्यांना जाणवत होता त्यांच्यात मृत्यूचा धोका, अशी जबाबदारी नसलेल्यांच्या तुलनेत, ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. सेवा करत असूनही ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात असा वाढीव धोका दिसला नाही. आपल्या घरांत हा भार बहुधा सुनेवर, मुलीवर किंवा वृद्ध पत्नीवर असतो. तिच्या थकव्याला आपण 'कर्तव्य' म्हणतो आणि तपासत नाही.

त्या आठवड्यात वहिनींचे औषध सुरू झाले. आणि दवाखान्याच्या दारावर मी पाटी लावली : गुरुवारी संध्याकाळी दवाखाना बंद. तातडीच्या रुग्णांना घरचा रस्ता ठाऊक होताच. बाकीच्यांनी महिनाभर कुरकुर केली, मग ते बुधवारी येऊ लागले. गुरुवारी संध्याकाळी बाईजवळ मी बसायचे आणि वहिनींनी घरात थांबायचे नाही, असे ठरले.

हे सोपे गेले असे सांगितले तर ते खोटे होईल. पहिल्या गुरुवारी मी पट मांडला खरा, पण फोन मांडीवर ठेवला होता आणि दर दानाला त्याच्याकडे पाहत होतो. बाईने चिंचोके मुठीत धरून ठेवले आणि म्हणाली, "बसलास खरा, पण आलास कुठं?" वहिनींचेही तेच. मोकळ्या झालेल्या पहिल्या संध्याकाळी त्यांनी मागल्या दारी बसून गोधड्या धुतल्या. दुसऱ्या गुरुवारी ज्वारी निवडली. कुठे जायचे हेच त्यांना सुचेना. चाळीस वर्षे ज्याला कुणी विचारले नाही, त्याला करमणुकीचा वेळ एकदम हातात दिला तर तो ओझ्यासारखा वाटतो. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी त्या शेजारच्या बाईबरोबर भजनाला गेल्या. पुढच्या वर्षी नागपंचमीला, गावाच्या कडेच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर त्या बसल्या, असे मला नातीने येऊन सांगितले. वहिनी त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या.

या नागपंचमीचा मी अलीकडे बराच विचार करतो. त्या दिवशी शेत नांगरायचे नाही, खणायचे नाही, घरात काही चिरायचे नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, अशी आपली जुनी रीत. नागाला इजा होऊ नये हे तिचे सांगितले जाणारे कारण. पण परिणाम पाहा : ऐन खुरपणीच्या हंगामात बाईच्या हातून विळी, खुरपे आणि तवा एक दिवसापुरते सुटतात, आणि झाडाला झोका लागतो. पूर्वजांना पुरते ठाऊक असावे, की 'काम संपले की खेळा' असे सांगितले तर कुणीच खेळणार नाही. कारण शेतीचे आणि घराचे काम संपत नसते. म्हणून त्यांनी कामालाच एक दिवस मनाई केली.

आमच्या डोंगररांगेतल्या अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात विधुरपंडित जातकाची कथा रंगवलेली आहे. तिच्यात इरंदती ही नागकन्या झोक्यावर बसलेली दिसते. दीड हजार वर्षे ती तिथे झुलते आहे. वेरूळला जाल तेव्हा २१ आणि २९ क्रमांकांच्या लेण्यांत शिव-पार्वतीचा सारीपाट जरूर पाहा. शेजारीपाजारी रावण कैलास हलवतो आहे, इतर मोठे पराक्रम चालू आहेत, आणि इकडे देवदंपती खेळायला बसले आहे. ज्या कारागिरांनी उभे आयुष्य छिन्नी-हातोड्यात घालवले, त्यांना ही गोष्ट दगडात कोरण्याच्या योग्यतेची वाटली.

पोळ्याचीही आठवण होते. पोळ्याला आपण बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही, त्याला न्हाऊ घालतो, आदल्या दिवशी त्याची खांदेमळणी करतो. वर्षातून एक दिवस राबणाऱ्या जनावराचा सन्मान करणारी ही फार सुंदर रीत आहे. पण त्याच दिवशी घरातली बाई सकाळपासून पुरण वाटत असते. तिचे खांदे कोण मळतो?

आता वैद्यकाचे थोडे आणखी. न्यूयॉर्कमधील जो वर्गीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७५ वर्षांवरील ४६९ वृद्धांचा सुमारे पाच वर्षे मागोवा घेऊन २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत वरचेवर रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. याचा अर्थ पट खेळल्याने स्मृतिभ्रंश टळतोच, असा कुणी काढू नये. ज्यांची बुद्धी आधीच मंदावू लागली होती त्यांनी खेळ सोडला असण्याचीही शक्यता असते. तरी हा खेळ असा आहे की त्याने तोटा काही नाही, आणि ती संध्याकाळ तरी चांगली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि किमान तीन दिवस तोल व ताकद यांचे व्यायाम करावेत. पारापर्यंत चालत जाऊन, मित्रांबरोबर बसून परत येणाऱ्या आजोबांची यातली काही मिनिटे आपोआप भरतात.

माझ्या अनुभवातून काही सूचना करतो. त्या आपापल्या घराप्रमाणे वळवून घ्याव्यात.

पहिली, 'करमत नाही' ही तक्रार म्हणून नोंदवा. मन उदास असणे, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक जाणे, हे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, बी-१२, रक्तक्षय, ऐकू न येणे, मोतीबिंदू यांची तपासणी आधी व्हावी. नैराश्य हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. तिथे नुसता खेळ पुरत नाही. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरात सगळ्यांना दिसेल असा लिहून ठेवा.

दुसरी, वृद्धांची सगळी कामे काढून घेऊ नका. बसून शेंगा सोलणे, वाती वळणे, नातवाला गोष्ट सांगणे यांतही रमण्याचा भाग असतो. किती करायचे ते त्यांना ठरवू द्या.

तिसरी, खेळ शरीराला जुळवून घ्या. खुब्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना जमिनीवर बसवू नका. पट मोठ्या पुठ्ठ्यावर ठळक रेषांनी आखून टेबलावर ठेवा. चष्मा आणि श्रवणयंत्र लावूनच खेळायला बसवा. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या हाती चिंचोक्यासारखी तोंडात जाऊ शकणारी वस्तू एकट्याने देऊ नका. मोठ्या सोंगट्या वापरा. तोल जात असेल तर फुगडी आणि झोका यांचा मोह पाहण्यापुरताच ठेवा. पैसे लावून पत्ते मात्र नकोत. त्या खेळाने रात्रीची झोप आणि घरातली शांतता दोन्ही जातात.

चौथी, खेळाची परीक्षा करू नका. "ओळखा पाहू मी कोण?", "काल काय जेवलात?" असे प्रश्न करमणूक म्हणून विचारणारी घरे मी पाहतो. विसरणाऱ्या माणसाला त्यात फक्त अपमान कळतो. आणि मुद्दाम हरूही नका. बाईला ते लगेच कळे, आणि ती दान फेकून देई.

पाचवी, आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची. सेवा करणाऱ्या व्यक्तीला आठवड्यातून एक ठरलेली वेळ मिळालीच पाहिजे, आणि ती वेळ घरातल्या दुसऱ्या कुणीतरी स्वतः अंगावर घेतली पाहिजे. "तूही जरा स्वतःसाठी वेळ काढ" असा नुसता उपदेश करणे म्हणजे तिच्या कामांत आणखी एकाची भर घालणे होय. तो मी करून चुकलो आहे.

बाई त्यानंतर सव्वादोन वर्षे जगली. ती बरी झाली असे मी म्हणणार नाही. खुबा शेवटपर्यंत दुखत होता, आणि रात्रीची जाग पूर्ण गेली नाही. पण भाकरी एकावर आली, आणि तो सकाळचा प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही. त्या काळातले जवळजवळ सगळे गुरुवार मला आठवतात. त्याआधीच्या वर्षभरातल्या सकाळच्या दहा मिनिटांपैकी मला फक्त वहीतले आकडे आठवतात.

दारावरची पाटी अजून आहे. आता गुरुवारी वहिनी आणि मी खेळतो, भाऊ बाजूला बसून दोघांनाही चुकीचे सल्ले देतो. वहिनींचा रक्तदाब गोळीवर १३०च्या आसपास असतो; तो मी खेळ संपल्यावर मोजतो, कारण हरल्यावर त्यांचा वाढतो.

दवाखान्यात मी आता केसपेपरवर 'करमत नाही' असे स्पष्ट लिहितो, आणि एक प्रश्न विचारतो : "लहानपणी काय खेळायचात?" प्रश्न ऐकून बरेच जण आधी लाजतात. मग कुणी विटीदांडू म्हणतो, कुणी सागरगोटे, कुणी फुगडी, कुणी बुद्धिबळ. पाय दुखतात म्हणून आलेली म्हातारी खुर्चीत बसल्या बसल्या हाताने सागरगोटे झेलून दाखवते, आणि बरोबर आलेली सून तिच्याकडे पाहत राहते.

हा अंक मिटल्यावर आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हा प्रश्न विचारून पाहा. आणि त्यांच्या उशाशी जी व्यक्ती दिवसरात्र असते, तिलाही विचारा.